वऱ्हाडातलं युनिक्स : काउंटरवरून खिशात

अकोला जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला गेज म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. मुंबई-नागपूर लोहमार्ग ब्रॉडगेजचा, दोन रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर. अकोल्याहून अकोट, अडगाव, हिवरखेड करत मेळघाटातून खंडव्याकडे जाणारी गाडी मीटरगेजची, १,००० मिलिमीटरवर धावायची. आणि मूर्तिजापूरला उतरलं की तिसरीच, अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला भेटायची, ७६२ मिलिमीटरची. तिन्ही रूळ लोखंडाचेच, पण एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चढत नसे. हिवरखेडहून मुंबईला निघालेल्या माणसाने अकोल्यात सामान उतरवून गाडी बदलायची, हा नियमच होता.

मी हिवरखेडचा. पुढे पोटापाण्यासाठी संगणकांच्या मागे फिरलो तेव्हा एससीओ, सोलारिस, एआयएक्स, एचपी-यूएक्स अशी नावं कानावर येऊ लागली आणि मला पहिल्यांदा अकोला स्टेशन आठवलं. सगळ्यांचं कूळ एक, युनिक्स. सगळ्यांत ‘एलएस’ म्हटलं की फायलींची यादी येणार. पण एकावर तयार केलेला प्रोग्रॅम उचलून दुसऱ्यावर ठेवला की तो चालायचा नाही. तिथे पुन्हा गाडी बदलायची.

या भावकीचं मूळ घर अमेरिकेतली बेल प्रयोगशाळा. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली तिथे युनिक्सला सुरुवात केली आणि १९७३मध्ये ते सी भाषेत नव्याने लिहून काढलं. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येईल असं ते झालं ते या फेरलेखनामुळे. बेलची मालक एटी अँड टी टेलिफोनचा धंदा करणारी. १९५६च्या न्यायालयीन तडजोडीमुळे तिला संगणकाच्या धंद्यात उतरायला बंदी होती. म्हणून युनिक्सचा मूळ कोड विद्यापीठांना नाममात्र किमतीत मिळत गेला. बर्कलीच्या विद्यापीठाने त्यात भर घालून आपली शाखा काढली, ती बीएसडी. १९८४मध्ये एटी अँड टीचं विभाजन झालं, बंदी उठली आणि मग वाटण्या सुरू झाल्या. सनचं वेगळं, आयबीएमचं वेगळं, एचपीचं वेगळं. मायक्रोसॉफ्टनेसुद्धा १९८०मध्ये झेनिक्स नावाचं युनिक्स काढलं होतं. ते पुढे सांताक्रूझ ऑपरेशन, म्हणजे एससीओ, या कंपनीने साध्या पीसीवर चालवून दाखवलं. भावकी अगदीच तुटू नये म्हणून १९८८मध्ये पॉझिक्स हे समान मानक आलं. त्याने आज्ञा आणि कोड लिहिण्याची रीत एक ठेवली, पण तयार प्रोग्रॅमचं गेज काही एक झालं नाही.

हे सगळं वऱ्हाडात पोचलं ते बँकेच्या दारातून.

आपल्याकडे बँकांत यंत्रं आणायची म्हणजे कर्मचारी संघटनांशी करार आलेच. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सी. रंगराजन समितीने १९८४मध्ये पहिला अहवाल दिला, १९८९मध्ये दुसरा. त्या दशकात भारतीय बँकांनी जी यंत्रं घेतली त्यांतल्या बऱ्याच यंत्रांचा पाया युनिक्स होता. माझ्या मते हा निर्णय फार दूरदृष्टीचा होता. आयबीएम १९७८मध्ये देश सोडून गेली होती. एखाद्या परदेशी कंपनीच्या बंद पेटीवर बँका अवलंबून राहिल्या तर काय होतं हे ताजं होतं. युनिक्स घेतलं की यंत्र विप्रोचं असो, एचसीएलचं असो, त्यावर काम करणारा माणूस तोच राहणार. त्याच काळात मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, एनसीएसटीत, एस. रमाणी आणि त्यांचे सहकारी पवईच्या आयआयटीशी टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल जोडत होते. ती देवाणघेवाण युनिक्समधल्याच यूयूसीपी या सोयीवर चालायची. अर्नेट या शैक्षणिक जाळ्याची ती सुरुवात. म्हणजे देशातली सुरुवातीची ई-मेलही युनिक्सवरून गेली आणि सुरुवातीची संगणकी बचत खातीही बहुतेक ठिकाणी युनिक्सवरच उघडली.

माझ्या पिढीला युनिक्स दिसलं ते असं: शाखेच्या कोपऱ्यात प्लायवूडचं पार्टिशन, त्यात एसी, आणि टेबलाखाली एक ४८६. साहेबांच्या केबिनपेक्षा त्या खोलीत गारवा जास्त. त्या एका पीसीतून जाड केबली निघून काउंटरवरच्या पाच-सहा टर्मिनलांकडे गेलेल्या. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, आत ना डिस्क ना बुद्धी. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. सकाळी तिथे ‘लॉगिन’ हा एकच शब्द लुकलुकत उभा असे. आज आपण सर्व्हर वेगळा आणि डेस्कटॉप वेगळा म्हणतो. त्या शाखेत दोन्ही कामं टेबलाखालचं एकच यंत्र करायचं. कॅशियर, लेजरवाला, ड्राफ्टवाला असे सगळे एका प्रोसेसरवर एकाच वेळी कामाला असायचे आणि कोणाचा हात दुसऱ्याच्या खात्याला लागायचा नाही. प्रत्येक फाइलला मालक, प्रत्येक मालकाला ठरावीक हक्क, ही युनिक्सची जन्मखूण. एका वेळी एकाच माणसाला ओळखणाऱ्या डॉसमध्ये हे नव्हतं. बँकेला नेमकं हेच हवं होतं.

मी तेव्हा अकोल्याहून शाखाशाखांतून यंत्रं दुरुस्तीला जात असे. एका सकाळची आठवण पक्की आहे. रात्री वीज गेली होती आणि यूपीएसच्या बॅटऱ्यांनी केव्हाच मान टाकली होती. सव्वादहाला यंत्र सुरू केलं तर पडद्यावर एफएससीके या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या ओळी सुरू झाल्या. पहिला टप्पा, ब्लॉक आणि आकार तपासतोय. दुसरा टप्पा, मार्ग तपासतोय. असे पाच टप्पे. मध्येच एखादा प्रश्न: ही फाइल अनाथ आहे, काढून टाकू का? हो की नाही? काउंटरपलीकडे पासबुकं घेऊन रांग. शाखेतल्या शिपाईकाकांनी पार्टिशनमधून डोकं आत घालून विचारलं, ‘‘काहून जी, मशीन उठलं नाई का आज?’’

‘‘उठतंय काका. हिशेब जुळवतंय.’’

‘‘मंग लोकाईले काय सांगू?’’

‘‘अर्धा तास सांगा.’’

पाऊण तास लागला. अनाथ फायली ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या कोठारात जमा झाल्या आणि त्यातल्या दोन आदल्या दिवसाच्या व्हाउचरच्या निघाल्या. ती व्हाउचरं कागदावरून पुन्हा भरली. लोक शांतपणे उभे होते, कारण विजेचं त्यांनाही माहीत होतं.

हे का व्हायचं ते सांगतो, कारण युनिक्सच्या भावकीतला खरा फरक मला इथेच समजला. डिस्क मंद, मेमरी वेगवान. म्हणून युनिक्स लिहिण्याचं काम मेमरीत साठवतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. मधेच वीज गेली तर डिस्कवरची नोंदवही अर्धवट राहते. म्हणूनच जुने लोक यंत्र बंद करण्याआधी ‘सिंक’ ही आज्ञा तीनदा द्यायचे, आणि मीही देत असे. साठवलेलं सगळं डिस्कवर उतरव, असा त्या आज्ञेचा अर्थ. यावरचा पक्का उपाय आपल्या किराणा दुकानात शंभर वर्षांपासून आहे: आधी कीर्द, मग खतावणी. व्यवहार झाला की तो पहिल्यांदा कीर्दीत एका ओळीत टिपायचा, खातेनिहाय मांडणी नंतर. खतावणी अर्धवट राहिली तर कीर्दीतली शेवटची पानं वाचली की हिशेब जुळतो, सगळी वही पहिल्यापासून तपासावी लागत नाही. फाइल व्यवस्थेतल्या जर्नलचं काम हेच. सोलारिसने १९९८च्या सुमारास ही सोय दिली. बीएसडीवाल्यांनी वेगळी वाट धरली. कुठली नोंद आधी आणि कुठली नंतर उतरवायची याचा क्रमच त्यांनी असा बांधला की वही मोडायची नाही. याच भावकीत मागाहून सामील झालेल्या लिनक्सची जुनी फाइल व्यवस्था ईएक्सटी-२ वेगवान, पण या बाबतीत भावकीत सर्वांत बेफिकीर. २००१च्या अखेरीस ईएक्सटी-३ आली आणि लिनक्सला कीर्द मिळाली. पुढची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनाची होती. दिवसाचे कित्येक तास अंधार. त्या काळात माझ्यासारख्याला लिनक्सवर भरवसा ठेवता आला तो या एका सोयीमुळे. परिसंवादात तुलना करताना कोणी विजेचा मुद्दा मांडत नाही, पण आमच्या तेल्हारा तालुक्यात पहिला मुद्दा तोच.

आता मूर्तिजापूरकडे वळतो. त्या तालुक्यातलं मुरंबा हे डॉ. विजय भटकर यांचं गाव. १९४६चा जन्म, नागपूरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण, पुढे बडोदा आणि दिल्ली. अमेरिकेने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला क्रे महासंगणक दिला नाही. त्यानंतर राजीव गांधी सरकारने १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन केली आणि तिची धुरा भटकरांकडे दिली. आपला महासंगणक बांधायला मुदत तीन वर्षांची. १९९१मध्ये परम-८००० हा महासंगणक उभा राहिला. एक मोठा प्रोसेसर परदेशातून मिळत नाही, तर ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या प्रोसेसरांना जोडून एकत्र राबवायचं, ही त्यामागची कल्पना. इर्जिकीला सगळ्या गावाचे बैल एका शेतात उतरतात, तसंच.

परमच्या पुढच्या पिढ्या पाहिल्या तर युनिक्सच्या भावकीचा सगळा इतिहास पुण्याच्या एकाच आवारात वाचता येतो. १९९८चा परम-१०००० हा सनच्या यंत्रांचा, म्हणजे सोलारिसचा. २००३मध्ये जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत १७१वा आलेला परम पद्म आयबीएमच्या पॉवर-४ प्रोसेसरवर, म्हणजे एआयएक्सच्या घरातला. २००८चा परम युवा इंटेलच्या प्रोसेसरांवर, आणि त्यावर लिनक्स. त्याच्या एक वर्ष आधी पुण्यातच टाटांच्या संगणकीय संशोधन प्रयोगशाळेचा ‘एका’ नावाचा महासंगणक जगात चौथा आला होता, तोही लिनक्सवर. दहा वर्षांत तीन युनिक्स. पहिली दोन यंत्राबरोबर येत होती. सनचं यंत्र घेतलं की सोलारिस, आयबीएमचं घेतलं की एआयएक्स. लिनक्स कोणत्याही यंत्राबरोबर येत नव्हतं आणि म्हणून कोणत्याही यंत्रावर जात होतं. नोव्हेंबर २०१७पासून त्या यादीतले पाचशेच्या पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात.

याचा अर्थ लिनक्स सर्वांत चांगलं होतं असा मी काढत नाही. सोलारिसची झेडएफएस ही फाइल व्यवस्था २००५मध्ये जे करत होती ते लिनक्सला नंतर बरीच वर्षं जमलं नाही. फ्रीबीएसडीचा गाभा, आज्ञा आणि माहितीपुस्तिका एकाच मंडळींच्या हातून घडतात, त्यामुळे ती व्यवस्था आखीव. लिनक्स म्हणजे नुसता गाभा. बाकीचं रेड हॅट, डेबियन, स्लॅकवेअर असे वेगवेगळे सुतार आपापल्या मापाने बसवतात. मग बीएसडी मागे का पडलं? लिनस टोरव्हाल्ड्सने हेलसिंकीत १९९१मध्ये लिनक्स जाहीर केलं. बीएसडी पीसीवर १९९२मध्ये आलं, आणि त्याच वर्षी एटी अँड टीच्या उपकंपनीने बीएसडीवाल्यांना कोर्टात खेचलं. खटला १९९४च्या सुरुवातीला तडजोडीने मिटला. सुमारे अठरा हजार फायलींतल्या अवघ्या तीन काढून टाकाव्या लागल्या! पण ती दोन वर्षं गेली ती गेली. भाऊबंदांचा वाद कोर्टात असताना शेजाऱ्याने पेरणी उरकून घेतली. तेव्हा ३८६वरचं बीएसडी हाताशी असतं तर आपण लिनक्स बहुधा लिहिलंच नसतं, असं टोरव्हाल्ड्सनेच पुढे सांगितलेलं आहे.

ही पेरणी आमच्यापर्यंत आली ती मासिकातून. ‘पीसी क्वेस्ट’ने १९९६पासून अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. त्यामागे अतुल चिटणीस होते. बर्लिनमध्ये जन्मलेला आणि बेळगावात शिकलेला हा माणूस. बंगळुरात त्यांनी पुढे उभी केलेली वार्षिक लिनक्स परिषद देशभर गाजली. २०१३मध्ये ते गेले. महाजाल विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला खुलं केलं खरं, पण अकोल्याहून फोनच्या तारेवर सहाशे मेगाबाइट उतरवणं केवळ अशक्य होतं. ती चकती एस.टी.च्या पार्सलातून, मित्राच्या पिशवीतून, झेरॉक्सच्या दुकानातून फिरत राहायची. शिकायला नागपूरच्या यशवंत कानेटकरांची सी आणि युनिक्स शेलवरची पुस्तकं होती. विदर्भातल्या मुलांना ती घरच्यासारखी वाटत, त्यांतली इंग्रजीसुद्धा आपल्या बोलण्यासारखी सरळ. पुढे उबुंटूवाले पत्ता कळवला की सीडी फुकट घरपोच पाठवत. तेव्हा परदेशी तिकिटाचं पाकीट घेऊन पोस्टमन दारात उभा राही.

एवढं असूनही टेबलावर लिनक्स रुजलं नाही. याची खंत मला आजही आहे, आणि कारणं मी जवळून पाहिली आहेत. स्वस्तातले आतल्या कार्डाचे मोडेम अर्धं काम विंडोजकडून करून घ्यायचे, लिनक्सवर ते मुके. अडत्याचा हिशेब टॅलीत, टॅली विंडोजवर. २००१पासून एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम आला आणि तालुक्यातल्या पोरांनी संगणक म्हणजे जो पाहिला तो विंडोज. आणि सगळ्यांत मोठं कारण अक्षर. लग्नपत्रिका, दैनिकाची पानं, ग्रामपंचायतीचे ठराव हे सारं श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये, आणि ते फॉन्ट विंडोजवरच. लिनक्सवाल्यांनी सुरुवातीपासून युनिकोड धरलं. ते योग्यच होतं, पण सुरुवातीला अक्षरं जुळेनात.

आमच्या प्रदेशाचंच नाव घ्या: वऱ्हाड. यातला र अर्धा, पण रफार नव्हे. हा आडवा, पापणीसारखा र हिंदीत नाही. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या फॉन्टमध्ये मी ‘वऱ्हाड’ टाइप केलं की पडद्यावर ‘वर्हाड’ उमटे. सुऱ्या, दऱ्या, कोऱ्या वह्या सगळ्यांचं तेच. यावर उपाय असा की नेहमीच्या र ऐवजी नुक्त्याचा ऱ घ्यायचा, त्याला हलंत जोडायचा आणि पुढचं अक्षर लिहायचं. पण हे फॉन्टलाही कळावं लागतं आणि पडद्यावर अक्षर मांडणाऱ्या प्रोग्रॅमलाही. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८मध्ये मिळाली. तोवर अ वर चंद्र बसवण्याच्या खटपटी. मुंबईत २०००च्या सुमारास सुरू झालेला इंडलिनक्स प्रकल्प, व्हीजेटीआयच्या प्रा. जितेंद्र शहांभोवतीचा इंडिकट्रान्स गट, पुण्यातल्या रेड हॅटच्या कचेरीत लोहित फॉन्ट आणि मराठी अनुवादावर खपलेली मंडळी, २००७मध्ये बॉस लिनक्स काढणारी सी-डॅक, या सगळ्यांनी एकेक अक्षर सरळ केलं. ज्या दिवशी माझ्या लिनक्सच्या पडद्यावर ‘वऱ्हाड’ वऱ्हाडासारखं दिसलं, त्या दिवशी ते मी छापून भिंतीवर लावलं. तोपर्यंत गावातल्या एकूणएक दुकानांत विंडोज बसलेलं होतं.

दरम्यान बँकेच्या शाखेतलं ते प्लायवूडचं पार्टिशन निघालं. कोअर बँकिंग आलं, शाखाशाखांतले एससीओचे डबे भंगारात गेले आणि खाती दूरच्या डेटा सेंटरात गेली. एचपी-यूएक्स, एआयएक्स, सोलारिस अशी मोठी यंत्रं तिथे बसली. काउंटरवर विंडोज आलं. युनिक्स समोरून उठून मागच्या खोलीत गेलं आणि ती खोलीही तालुक्यातून मुंबईला गेली. हळूहळू तिथेही लिनक्स शिरलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, त्याच्या मागचे सर्व्हर लिनक्सवर होते. व्हॉट्सॲप मात्र सुरुवातीची कित्येक वर्षं फ्रीबीएसडीवर चाललं. एका यंत्रावर वीस लाख जोडण्या पेलल्याचं त्यांनी २०१२मध्ये दाखवून दिलं होतं. संत्र्याचा, कापसाचा भाव आपण एकमेकांना पाठवत होतो तो त्या हरलेल्या भावाच्या खांद्यावरून जात होता.

मीटरगेजची गाडी हिवरखेडला २०१७च्या सुरुवातीला थांबली. रूळ बदलायचे म्हणून बंद झाली. मेळघाटातून जायचं की वाघांना बाजूला ठेवून हिवरखेड-सोनाळा-जामोदवरून फिरायचं, हा वाद तेव्हाही पेटलेला होता. परवा गावी गेलो तेव्हा एस.टी.च्या थांब्यावर पुतण्याच्या मोबाइलवर त्याला मी ‘फोनविषयी’चं पान उघडायला लावलं. खाली सरकत ‘कर्नल आवृत्ती’वर आलो. आकड्यांची एक लांब ओळ होती, पहिला आकडा पाच.

‘‘हे काय आहे काका?’’

‘‘लिनक्स. पूर्वी बँकेत काळ्या पडद्यावर दिसायचं, त्याच्याच घराण्यातलं.’’

त्याने ओळ पुन्हा एकदा वाचली आणि मग मित्राला निरोप टाइप करू लागला. मी वाकून पाहिलं. ‘दऱ्यापूरची गाडी लागली,’ असं त्याने लिहिलं होतं. गावाचं नाव दर्यापूर, तिथे रफारच हवा. पण पापणीचा र कसा सुरेख उमटला होता.